सातबारा संगणकात गेला, मग काय बदललं?

मंडळी, आजचा विषय कागदावर जड दिसतो: माहितीची व्यवस्था सुधारली की कामाची पद्धत सुधारते का? यावर व्यवस्थापनशास्त्रात ढीगभर लिहिलं गेलंय, पण त्यातली उदाहरणं बहुतेक मोटारींच्या कारखान्यांची आणि बँकांची. आम्ही उदाहरण घेणार आहोत आपल्या सगळ्यांच्या घरात एखाद्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या कागदाचं. सातबाऱ्याचं. भातसानगर, शहापूर, मुरबाड या भागात हा विषय मांडायचा तर दुसरं उदाहरण शोधायची गरजच नाही. इथं धरणाला जमीन गेली, पुढे समृद्धी महामार्गाला गेली, मधल्या काळात कुळकायदा येऊन गेला, वनहक्क कायदा आला. प्रत्येक वेळी सरकारी माणसानं पहिला प्रश्न तोच विचारला: उताऱ्यावर नाव कुणाचं आहे?

सुरुवात जरा मागून करू. इंग्रजांनी पेशवाई घेतल्यावर त्यांना सगळ्यात आधी शेतसारा ठरवायचा होता. १८२०च्या दशकात पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं मोजणी केली. त्याचा सिद्धांत मोठा देखणा होता. प्रत्येक शेताचं उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नावर सारा. त्यासाठी माहिती गोळा करायची ती इतकी बारीक, की ती खरी आहे की खोटी हे तपासणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. खालच्या कारकुनांनी आकडे भरले, वरच्यांनी त्यावर गणितं मांडली आणि सारा इतका चढा बसला की लोक जमिनी टाकून जाऊ लागले. ती व्यवस्था सोडून द्यावी लागली.

मग १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी वेगळी वाट धरली. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडला. शेत हे एकक धरलं, त्याला सर्व्हे नंबर दिला, हद्दीवर दगड रोवले, साखळीनं क्षेत्र मोजलं आणि मातीची प्रत ठरवली. ती साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. आज आपण प्लॉट घेताना जो गुंठा बोलतो, तो या साखळीतून आलेला आहे. १८४७च्या संयुक्त अहवालानं या पद्धतीचे नियम पक्के केले आणि तीच पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली.

आमच्या मते या विषयातला हा पहिला धडा, आणि तो संगणकाच्या दीडशे वर्षं आधीचा आहे. प्रिंगलकडे माहिती जास्त होती, विंगेटकडे कमी. पण विंगेटची माहिती शेतावर जाऊन कुणालाही पडताळता येत होती. दगड कुठं आहे, साखळी किती भरली, हे शेतकऱ्यालाही दिसत होतं. माहितीव्यवस्थेची ताकद म्हणतात ती साठ्यात असते की पडताळणीत, याचं उत्तर इंदापूरनं देऊन ठेवलं होतं.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती. सरकारला सारा कोण भरतो एवढंच हवं होतं; मालक कोण, गहाणदार कोण, वाटणी झाली का, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे पुस्तकात खातेदार म्हणून आजोबांचं नाव, शेतात चार नातवंडं आणि सावकाराकडे गहाणखत, असा प्रकार पन्नास वर्षं चालला. मेलेली माणसं सरकारदरबारी सारा भरत राहिली. हे निस्तरायला १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा आला आणि १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला.

इथं जरा थांबू या, कारण खरा बदल इथं झाला. हक्कनोंदणीनं नुसतं नवं रजिस्टर आणलं नाही. कामाचा एक नवा क्रम आणला. जमिनीवर नवा हक्क आला, खरेदीनं येवो नाहीतर वारशानं, की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तलाठी फेरफार रजिस्टरमध्ये, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद घालणार. चावडीवर नोटीस लागणार, संबंधितांना जाणार. पंधरा दिवसांत हरकत आली तर वादाची नोंद, नाही आली तर वरचा अधिकारी प्रमाणित करणार, आणि मगच नमुना सातवर नाव चढणार. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६च्या, कलम १४९ आणि १५० वाचा. सांगाडा तोच आहे. आणि कलम १५७ म्हणतं की ही नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची.

गावचे नमुने एकूण एकवीस. अँडरसनच्या मॅन्युअलवर तलाठ्यांच्या पिढ्या घडल्या. नमुना सात हा हक्काचा, नमुना बारा पिकांचा; दोन्ही एका कागदावर आले म्हणून सात-बारा. पुष्कळांना हे नाव कुठल्या तरी तारखेचं वाटतं, तसं काही नाही.

आता ही वही शेतकऱ्याच्या ताटापर्यंत कशी पोचते ते बघा. १९४८चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं कायद्यानं मालक झाली. पण कसणारं कुळ कोण, हे ठरवताना पुरावा काय बघायचा? पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव काय लागलंय ते. ठाणे जिल्ह्यात तेव्हा कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी अशी हजारो माणसं सावकाराच्या आणि खोताच्या जमिनी कसत होती. ज्या वर्षी तलाठ्यानं शेतावर येऊन नाव लिहिलं, त्याची जमीन झाली. ज्या वर्षी तो मालकाच्या ओसरीवर बसून वही भरून गेला, त्या वर्षीचं कुळ वहीत आलंच नाही. कायदा मुंबईत झाला होता. तो अमलात आला एका रकान्यात, आणि त्या रकान्याची पेन्सिल कुणाच्या हातात होती यावर सगळं ठरलं.

भातसा धरणाचंही तसंच. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे; मुंबईची महापालिका रोज सकाळी दशलक्ष लिटरच्या हिशेबात तो आकडा जाहीर करते. या साठ्याखाली जी जमीन गेली ती १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्यात नोटीस जायची ती ज्यांचा हितसंबंध माहीत आहे अशांना. माहीत कुणाला? महसुली वहीला. वहीत आजोबा असतील तर नातवानं आधी वारस सिद्ध करायचा, मग मोबदला मागायचा. आणि दुसऱ्याच्या वरकस जमिनीवर वाडी करून राहणाऱ्या कातकऱ्याचं वहीत काहीच नसेल, तर त्याच्यापुरतं धरण म्हणजे फक्त पाणी वर चढताना बघणं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६चा, म्हणजे अशा कितीतरी धरणांची कामं सुरू झाल्यानंतरचा.

इतकी पार्श्वभूमी डोक्यात ठेवून संगणकाकडे येऊ.

केंद्र सरकारनं १९८८-८९ साली भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना सुरू केली. देशातले आठ जिल्हे प्रायोगिक म्हणून घेतले, त्यात महाराष्ट्रातून वर्धा. पुढे सगळ्या राज्यात काम पसरलं. तहसील कार्यालयात संगणक आले, तलाठ्याच्या दप्तरातले उतारे टंकून घेतले गेले. आणि पुष्कळ वर्षं एवढंच झालं. हाताचा सातबारा चालूच राहिला, संगणकाचाही निघू लागला. एका जमिनीचे दोन उतारे. तलाठी नवी नोंद आपल्या वहीत घालणार, ती संगणकात जायला महिने लागणार, मध्येच कुणी संगणकाचा उतारा काढून बँकेत गेला की तिथं जुना मालक. टंकताना झालेल्या चुका वेगळ्याच. क्षेत्राचा दशांश सरकला, वडिलांचं नाव गेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इतर हक्कातला शेरा राहिला. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून जाऊ नये म्हणून जे निर्बंध आहेत त्यांची खूण याच रकान्यात असते. शेरा एका ओळीचा असतो, पण तो टंकायचा राहिला तर पुढच्या खरेदीदाराला उतारा स्वच्छ दिसतो.

याच सुमारास अमेरिकेत मायकेल हॅमर या प्राध्यापकानं १९९० साली हार्वर्डच्या नियतकालिकात एक गाजलेला लेख लिहिला. त्यातलं फोर्ड कंपनीचं उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गात अजून सांगतात. फोर्डच्या देयक विभागात पाचशेवर माणसं. त्यांनी ठरवलं, संगणक आणून वीसेक टक्के माणसं कमी करू. मग कळलं की जपानच्या माझदाकडे हेच काम पाच माणसं करतात. माझदा आकारानं लहान, हे धरूनही फरक मोठा होता. तेव्हा फोर्डनं मूळ प्रश्न बदलला. खरेदीचा आदेश, मालाची पावती आणि विक्रेत्याचं बिल असे तीन कागद जुळवत बसण्यात माणसांचा वेळ जात होता. त्यांनी बिलच काढून टाकलं. गोदामात माल आला, तिथल्या माणसानं संगणकात पाहिलं, आदेशाशी जुळलं तर घेतला, पैसे निघाले. हॅमरचं म्हणणं असं की जुन्या कामाला नुसतं यंत्र जोडलं तर जुनंच काम जलद होतं. आमच्याकडे तर तेही झालं नाही. जुनं काम होतं तसंच राहिलं आणि शेजारी दुसरं सुरू झालं.

शेजारच्या कर्नाटकानं मात्र एक धाडस केलं. २०००च्या आसपास त्यांची भूमी नावाची योजना आली. जवळपास दोन कोटी उतारे संगणकात घातले, तालुक्याच्या ठिकाणी खिडक्या उघडल्या, पंधरा रुपयांत उतारा. पण मुद्द्याची गोष्ट ही की एकेका तालुक्यात काम पुरं झालं की हाताचा उतारा बेकायदा ठरवला. परतीचा रस्ताच बंद. शिवाय फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानंच निकाली काढायचे. ओळखीच्या माणसाचा अर्ज मधून वर ओढणं अवघड झालं. बेळगावकडच्या मराठी शेतकऱ्यानं हा बदल आपल्या आधी दहा-पंधरा वर्षं अनुभवला. भूमीवर टीकाही झाली, आणि ती आम्हाला रास्त वाटते: एका ठिकाणी सगळी माहिती स्वच्छ मिळू लागली तेव्हा तिचा पहिला फायदा मोठ्या शहराभोवती जमिनी गोळा करणाऱ्यांनी घेतला. शहापूर-मुरबाडच्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

महाराष्ट्रात बदलाची सुरुवात खरं तर दुसऱ्या टोकानं झाली, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. नोंदणी आणि मुद्रांक विभागानं २००२च्या सुमारास सरिता ही संगणकीय दस्तनोंदणी आणली. पूर्वी मूळ दस्त हातात पडायला महिने लागत. आता त्याच दिवशी मिळू लागला. पण दस्त झाला तरी सातबारा बदलत नव्हता. ती कचेरी वेगळी, तलाठी वेगळा, मधला रस्ता शेतकऱ्यानं चालायचा. कायद्यात कलम १५४ होतं, निबंधकानं महसूल खात्याला कळवायचं म्हणून. व्यवहारात सूची दोनची नक्कल घेऊन तलाठ्याला गाठायचं काम खरेदीदाराचंच. तलाठी सजेवर नाही, उद्या या, परवा या. या मधल्या चालण्यातच सगळा कारभार होता.

ई-फेरफारनं तो रस्ता कापला. २०१२नंतर पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयानं आणि राष्ट्रीय सूचना केंद्रानं ही आज्ञावली टप्प्याटप्प्यानं राज्यात नेली. दस्त नोंदवला की माहिती थेट तहसीलला, तिथून तलाठ्याच्या लॉगिनला; तो फेरफार घालतो, नोटिसा निघतात, मुदत संपते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि त्याबरोबर सातबारा आपोआप बदलतो.  १९०३चाच क्रम. फक्त कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याचं काम माणसाकडून काढून घेतलं. आम्ही याला खरा प्रक्रियाबदल म्हणतो.

पण त्याआधी ती अडीच कोटींच्या आसपासची उताऱ्यांची रास दुरुस्त करायची होती, आणि हे काम कुठल्याही यंत्राचं नव्हतं. हाताचा आणि संगणकाचा उतारा शेजारी ठेवून तलाठ्यांनी ओळ न ओळ जुळवली. २०१७च्या सुमारास गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा छापून लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा आणि चूक असेल त्यानं उभं राहून सांगायचं. या सगळ्या कहाणीतला आम्हाला सर्वांत आवडणारा भाग हाच. इंदापूरच्या दगडासारखं, माहिती परत एकदा लोकांच्या डोळ्यांपुढे आणि कानांपुढे आली. जिथं वाचन मनापासून झालं तिथं चुका निघाल्या. जिथं सह्या घेऊन उरकलं तिथल्या चुकांसाठी लोक आजही कलम १५५चे अर्ज घेऊन तहसीलदाराकडे जातात, आणि चूक टंकणाऱ्याची असली तरी तारखेला हजर शेतकऱ्यानंच राहायचं असतं.

१ मे २०१८ला डिजिटल सहीचा सातबारा आला. आता पंधरा रुपये भरून घरबसल्या मिळतो आणि कायदेशीर कामाला चालतो. एका सहीसाठी सजेवर घालवलेले दिवस ज्यांना आठवतात त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही. ती सही हे तलाठ्याचं मोठं बळ होतं. ते गेलं. सगळ्या तलाठ्यांना ते नको होतं असंही नाही. उताऱ्यांच्या नकला करण्यातून सुटल्याचा आनंद त्यांच्यातल्या पुष्कळांना झाला.

संगणकाशिवायही कारभार बदलतो, हेही सांगायला हवं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली: नवऱ्यानं आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावायचं. अडचण होती ती कागदपत्रांच्या खर्चाची आणि खेपांची. १९९२ साली शासनानं एक परिपत्रक काढलं, सहहिस्सेदार म्हणून पत्नीचं नाव साध्या अर्जावर लावता येईल असं. एक पानाचा आदेश, आणि वाट मोकळी. २००६च्या वनहक्क कायद्यानं तर पुढचं पाऊल टाकलं; विवाहितांचा दावा मंजूर झाला की हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा हे कायद्यातच लिहिलं. इथल्या डोंगरपट्ट्यातल्या वनपट्ट्यांवर बाईचं नाव दिसतं आणि खाली गावठाणालगतच्या खासगी जमिनीच्या सातबाऱ्यावर दिसत नाही, त्याचं कारण हे आहे. आज्ञावली दोन्हीकडे नावं लिहू शकते. लिहायचं कुणाचं, हे तिच्या बाहेर ठरलेलं असतं.

आता पीकपाहणीचं. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तलाठ्याऐवजी शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर आपल्या शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची. १९५७ची पेन्सिल शेतकऱ्याच्या हातात आली, असं म्हणायचा मोह होतो. बऱ्याच अंशी ते खरंही आहे; पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी यांना ही नोंद लागते आणि ती आता ओसरीवर बसून होत नाही. पण डोळखांब किंवा माळशेजच्या बाजूला रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, आणि भाताच्या पट्ट्यात सगळ्यांची घाई एकाच आठवड्यात. मुख्य म्हणजे ॲप उघडतं ते खातेदाराच्या नावानं. जो अर्धेलीनं किंवा खंडानं दुसऱ्याची जमीन लावतो, त्याचं पीक मालकाच्या नावावर चढतं. अवकाळी पावसात भात आडवा झाला तर भरपाई कुणाच्या खात्यात जाईल, ते उघड आहे.

समृद्धी महामार्गाच्या वेळी शहापूर तालुक्यात जमीन मुख्यतः थेट खरेदीनं घेतली गेली. उताऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, आणि मोबदला भातसाच्या काळापेक्षा कितीतरी मोठा. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेल्या वारसनोंदी एकदम निघाल्या. मुंबईला दिलेल्या आत्या, परांगदा झालेले काका, सगळ्यांची नावं घालायची धावपळ. कागद वेळेवर जुळले त्यांचं निभावलं. वारशाची नोंद आता ई-हक्क प्रणालीवर घरून करता येते. वारसांची यादी, मृत्यूचा दाखला, स्वयंघोषणापत्र, अपलोड करा, झालं. मात्र आजोबा पाड्यावर वारले आणि मृत्यूची नोंदच झाली नाही, तर वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद करायला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तो आदेश मिळवायचा तर अर्ज, साक्षीदार, शहापूरच्या किंवा मुरबाडच्या खेपा. ई-हक्कच्या फॉर्ममध्ये मयताच्या नावाखालीच मृत्यूचा दिनांक मागितलेला असतो आणि तिथं पाड्यावरचा नातू अडतो.

नकाशाचा भाग आज राहिला. सातबारा तलाठ्याकडे, नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे, आणि दोन्हींचं क्षेत्र जुळत नाही ही तक्रार तुमच्यातल्या बऱ्याच जणांची असणार. पोटहिस्स्यांची मोजणी का रखडली आणि रोव्हर आल्यावर त्यात काय फरक पडला, ते पुढच्या व्याख्यानात घेऊ.